पाच मिलीचा सूड

कॉलर जिथे दुमडते, तिथे कापड सगळ्यात आधी विरते. मान दिवसभर इकडेतिकडे वळत असते, दाढीचे खुंट घासत असतात, घाम मुरत असतो. मग कधीतरी घडीच्या कडेवर एक बारीक पांढरट रेघ उमटते. नवऱ्याच्या आकाशी शर्टावरची ती रेघ तीन मिलिमीटर लांब होती. तिने शिवणाच्या डब्यातली पट्टी लावून मोजली होती. शर्ट चार वर्षांचा होता.

चार वर्षांत तीन मिलिमीटर. हे नशिबाने होत नाही. त्या शर्टाची बटणे धुण्याआधी सोडली जात होती, नाहीतर काजांवर ताण येतो. तो उलटा करून धुतला जात होता, म्हणजे जे काही घासायचे ते आतल्या बाजूने घासले जावे. कॉलरला साबणाचे बोट लावून दहा मिनिटे तसेच ठेवले जात होते. ब्रशने कधी खरवडले जात नव्हते. पावडर मोजून पडत होती. वाळणे सावलीत, इस्त्री थोडी ओल असतानाच. दोन तास घालून आलेला शर्ट लगेच धुण्यात न टाकता रात्रभर वाऱ्यावर टांगला जात होता. सैल झालेले बटण त्याच दिवशी पक्के होत होते. हे सगळे ती करत होती, आणि चार वर्षांत ते कुणाच्याही नजरेस पडले नव्हते. नीट झालेले काम दिसत नाही. बिघडले की मात्र सगळ्यांना दिसते.

ती पूर्वी कापड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत असे. तिथे एक यंत्र होते, कापडावर कापड घासणारे. पहिला धागा कितव्या फेऱ्याला तुटतो ते बघायचे आणि नोंदवायचे. कापड कसे मरते हे तिने आठ वर्षे पाहिले होते, त्यामुळे ते जगवायचे कसे हेही तिला ठाऊक होते. मग सासूबाई जिन्यावरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि तिने सहा महिन्यांची रजा घेतली. सहा महिन्यांची दोन वर्षे झाली. सासूबाई आता काठीशिवाय बाजारात जाऊन येत होत्या. रजा मात्र संपली नव्हती.

नवरा विमा कार्यालयात विभागप्रमुख होता. तिथे त्याला सगळे ‘टापटीप’ म्हणत. ‘टापटीप आले का?’, ‘टापटीपला विचारा.’ हे नाव त्याला मनापासून आवडे.

एका रविवारी त्याचे तीन सहकारी चहाला आले. त्यांतल्या एकाने सहज विचारले, “वहिनी, आमचे शर्ट वर्षभरात पोतेरं होतात. ह्याचे असे नव्यासारखे कसे राहतात हो?”

ती सांगायला पुढे सरकली. दोन वर्षांत तिला येत असलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारले नव्हते.

“तिला काय विचारतोस?” नवरा म्हणाला. “मशीन धुतं. ही फक्त बटण दाबते.”

सगळे हसले. तीही हसली, कारण हातात ट्रे होता आणि हसण्यावाचून दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

पाहुणे गेल्यावर कप विसळता विसळता तिने विषय काढला. “प्रयोगशाळेतून पुन्हा विचारलंय. मी जाऊ का परत?”

“आणि घरचं कोण बघणार?” तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. “शिवाय तिथे तरी काय करत होतीस? चिंध्याच घासत होतीस ना? त्या इथेही आहेत.”

मिठाची गुळणी धरून तिने कप पुसले, उपडे घातले. पण त्या क्षणी तिच्या मनात एक विचार अगदी स्वच्छ उभा राहिला. मशीन धुतं ना? ठीक. आता बघूच, मशीन काय धुतं ते!

सूड घेणाऱ्याला सहसा घाई असते. तिला नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर एका शर्टाला आजवर काय काय केले जात होते ते क्रमाने लिहिले. चौदा गोष्टी भरल्या. प्रयोगाआधीची स्थिती नोंदवायची असते. मग नवऱ्याच्या सहा पांढऱ्या शर्टांच्या लेबलांमागे न पुसणाऱ्या पेनाने बारीक आकडे टाकले, एक ते सहा. औषध पाजायच्या पिचकारीत पाच मिली ब्लीच घेतले, पाणी न मिसळता. क्रमांक एकच्या शर्टाच्या दोन्ही बगलांना आणि दोन्ही खांद्यांच्या शिवणींना सारखे वाटून लावले. वीस मिनिटे थांबली. मग शर्ट अर्धवट खळबळून काढला आणि त्यावर कडक तापलेली इस्त्री फिरवली.

क्लोरीन सुताला आतून तोडते. वरून काही कळत नाही. उलट, पहिले दोन-तीन आठवडे शर्ट अधिकच पांढरा दिसतो.

“पावडर बदललीस का?” नवऱ्याने आरशासमोर विचारले. “मस्त निघालाय!”

“आवडला ना?” ती म्हणाली. “असेच धुवेन.”

आकाशी शर्ट सोडून बाकीच्या रंगीत कपड्यांना तिने दुसरी वाट लावली. दुप्पट पावडर, उकळते पाणी, भर दुपारचे ऊन. पँटची चेन उघडी ठेवायची, म्हणजे तिचे दात बाकीच्या कपड्यांना ओरबाडतील. मोज्यांचे रबर गरम पाण्याने मेले आणि साहेबांचे मोजे बैठकीत घोट्यापाशी गोळा होऊ लागले. टॉवेलाला तिने कपडे मऊ करायचे औषध भरपूर पाजले. टॉवेल लोण्यासारखा झाला, पण पाणी टिपेना.

“ह्या टॉवेलला झालंय तरी काय?” न्हाणीघरातून ओरड आली. “पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतोय!”

“मशीनला विचारा,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि वहीत लिहिले : टॉवेल, चौथे धुणे, यशस्वी.

खोटे कशाला बोलावे, ते दिवस तिचे चांगले गेले. सकाळी उठताना अंगात हुरूप असे. दोन महिन्यांत पहिल्या शर्टाची बगल विरली. कार्यालयात कुणीतरी म्हणाले, “टापटीपराव, खिडकी उघडी राहिली वाटतं!” तो चिडून घरी आला आणि शर्ट पलंगावर भिरकावून म्हणाला, “हल्ली कापडच भिकार निघतं. जरा कुठे विरला की घालणार नाही मी, लोक हसतात.” त्यानंतर कुठलाही शर्ट नुसता बोटांना पातळ लागला तरी तो कपाटातून बाहेर फेकू लागला आणि नवीन घेऊन येऊ लागला. तिने वहीत शर्टाच्या आकड्यापुढे ‘बाद’ लिहिले, आणि त्या नमुन्याची नोंद तिथे संपली.

त्याच सुमारास प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा फोन आला. त्या मोजके बोलत.

“दोन वर्षं तुझी जागा मी तात्पुरत्या माणसांवर रेटली. आता कायमचं माणूस घ्या, असा वरून निरोप आलाय. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दहापर्यंत थांबेन. हो की नाही, एवढंच सांग.”

“बघते, बाई.”

“दोन वर्षं बघतेच आहेस तू.”

तिने फोन ठेवला आणि क्रमांक पाचचा शर्ट भिजत घातला.

घरात आणखी एक माणूस होते, ज्याचा तिने विचार केला नव्हता. सासरे. बत्तीस वर्षे त्यांनी शहराची बस चालवली होती. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या माणसाचे कपडे कोण धुणार, म्हणून स्वतःचे कपडे बादलीत स्वतः धुवायची सवय त्यांना लागली होती. निवृत्तीनंतरही ते मागच्या जिन्यावर बसून धूत आणि तिथेच वाळत घालत. सुनेशी ते फार बोलत नसत, पण चहा झाल्यावर आपला कप विसळून ठेवत, आणि ती प्रयोगशाळेत जायची तेव्हा तिला कोणती बस लवकर पोचवील ते तेच सांगत. थंडी होती, त्यामुळे त्यांच्या अंगात गळ्यापर्यंत बटणे लावलेला स्वेटर आणि वर मफलर असे. आत कोणता शर्ट आहे हे तिने पाहिले नव्हते. पाहायचे कारण नव्हते, असे तिला वाटत होते.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सासऱ्यांचा सत्कार होता. बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही, म्हणून आगाराने बोलावले होते. गुरुवारी दुपारी ते दाढी करून गेले आणि संध्याकाळी लवकरच परत आले. प्रमाणपत्र टेबलावर ठेवले. हात अंगाशी घट्ट धरून खोलीत गेले.

थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात पिशवी होती.

“पोरी, हे जरा बघतेस? शिवता येण्यासारखं आहे का? तुझ्या सासूला नको सांगूस.”

तिने पिशवीतून शर्ट काढला. पांढरा. बगलेपासून कमरेपर्यंत टरकावल्यासारखा फाटलेला, आणि खांद्याची शिवण सुटून पाठीवर लोंबलेली.

“सभागृहात उकडत होतं, म्हणून स्वेटर काढला,” सासरे म्हणाले. “नाव पुकारलं. मी सगळ्यांना हात वर केला, तर टर्रकन! माइक जवळच होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.” ते हसायचा प्रयत्न करत होते. “एकजण ओरडला, ‘ड्रायव्हरसाहेब, पंक्चर झालं!’ पोटभर हसले सगळे. मला भाषण करायचं होतं दोन वाक्यांचं. राहिलं मग ते.”

“हा शर्ट… तुमच्याकडे कसा?”

“तुझी सासू देते की. पोराचा जरा जुना झाला की ती माझ्या कपाटात ठेवते. चांगला असतो, कशाला टाकायचा? पण हल्ली माझ्या अंगावर टिकतच नाहीत. हा चौथा.” त्यांनी आवाज खाली आणला. “माझ्या घामातच काहीतरी बिघडलंय बहुतेक. म्हातारपणी होत असेल का गं तसं? तू शिकलेली आहेस, म्हणून विचारतो. डॉक्टरला दाखवू का?”

तिने लेबल उलटले. मागे तिच्याच अक्षरात आकडा होता. चार.

चार! म्हणजे एक, दोन… वहीत ‘बाद’ लिहिलेला प्रत्येक शर्ट ह्याच घरात दुसऱ्या कपाटात जात होता! आठ वर्षे प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईने नमुना दाराबाहेर गेला की नोंद थांबवली होती! नवऱ्याच्या अंगावर नवे कोरे शर्ट चढत होते, आणि तिने मोजून मापून तयार केलेला अपमान एका म्हाताऱ्या माणसाने भरल्या सभेत अंगावर घेतला होता. आणि तो दोष देत होता स्वतःच्या घामाला!

“तुमच्या घामाला काही झालेलं नाही, बाबा,” एवढेच तिला बोलता आले.

दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन ती रफू करणाऱ्या मावशींकडे गेली. एका शिंप्याच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. एक खुर्ची, एक दिवा, भिंग आणि धाग्यांची लांबट पेटी. मावशींनी शर्ट गुडघ्यावर पसरला, बगलेतला एक धागा चिमटीत धरून ओढला. तो भिजल्या कागदासारखा तुटला. त्यांनी कापड नाकाशी नेले. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

“हे झिजलेलं नाही, बाई. हे मारलेलं आहे.”

“म्हणजे?”

“झिजलेलं कापड सगळ्या अंगानं दमलेलं असतं, माझ्यासारखं. हे बाकी कसं ठणठणीत आहे बघ. आणि बरोबर दोन बगला नि दोन खांदे तेवढे मेलेत, दोन्हीकडे अगदी सारखे. घामाला एवढी अक्कल नसते. कुणी केलं?”

तिने नजर पेटीतल्या धाग्यांकडे वळवली.

“तूच ना?” मावशी म्हणाल्या. “हात शिकलेला दिसतो. राग कुणावर आहे?”

“नवऱ्यावर.”

“आणि शर्ट कुणाच्या अंगावर फाटला?”

“सासऱ्यांच्या.”

“वा!” मावशींनी गुडघ्यावर थाप मारली. “चोर सोडून संन्याशाला सुळी!”

मग मात्र तिला राहवले नाही. ट्रे, हसणे, चिंध्या, वही, पाच मिली, सगळे तिने सांगून टाकले. मावशी भिंग पुसत ऐकत होत्या. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आता तुम्ही म्हणाल, सूड वाईट असतो, क्षमा करावी.”

“मी कशाला म्हणू?” मावशी म्हणाल्या. “मी स्वतः काय केलंय ते ऐक. तरुणपणी ज्या शिंप्याकडे बसायचे ना, तो माझं रफू स्वतःचं म्हणून दाखवायचा. गिऱ्हाइकं त्याची पाठ थोपटायची. एकदा मी त्याच्या खाशा गिऱ्हाइकाच्या कोटाला मुद्दाम कच्चा टाका घातला. कोट भर समारंभात उसवला. मी घरी बसून खूश! दुसऱ्या दिवशी शिंपी म्हणतो, ‘साहेब, काय करू, ती बाई कामाची नाही, आजच काढतो.’ चांगलं होतं तेव्हा काम त्याचं, आणि उसवलं तेव्हा माझं!”

“मग?”

“मग हेच, की सुडाखाली सही लागते. कुणी घेतला नि कशासाठी घेतला हे ज्याला कळायला हवं त्यालाच कळलं नाही, तर तो सूड कसला? नुसती नासधूस. तुझ्या नवऱ्याला काय शिक्षा झाली, सांग. बाजारात जाऊन नवा शर्ट घ्यायची? अशी शिक्षा मलाही कर की कुणीतरी!”

ती नकळत हसली.

“आणि कापडानं तुझं काय घोडं मारलंय?” मावशींचा आवाज आता हसरा नव्हता. “शेतात कुणीतरी वाकलं, कुणी सूत काढलं, कुणी विणलं, कुणी शिवलं. दहा वर्षं अंग झाकायची ताकद होती ह्यात. तू दोन महिन्यांत संपवलंस. तुला चिडवणाऱ्याला ते काम दिसत नाही म्हणून चिडलीस, आणि मग ह्या सगळ्यांचं काम तूही दिसेनासं केलंस! दुसरं एक सांगते. रोज पाच-पाच मिली राग बाहेर टाकत होतीस, म्हणून तुझं तोंड उघडलं नाही. साठू दिला असतास तर कधीच बोलली असतीस.”

हे मात्र तिला नेमके लागले. कारण ते खरे होते, आणि तपासून पाहता येण्यासारखे होते. बाईंचा फोन आला त्या दिवशी तिने काय केले होते? शर्ट भिजत घातला होता!

“मग करू काय?”

“तो जे फुकट घेतोय आणि बघतही नाही, ते काढून घे. उघडपणे. त्याच्या तोंडावर सांगून. त्यानं कपडा नाही फाटणार, पण डोळे उघडतील.”

“आणि हा शर्ट? रफू होईल?”

मावशींनी शर्टाची घडी घातली, अगदी हळुवार. “मेलेल्या सुताला टाका धरत नाही. जिथे सुई घालीन तिथे नवं भोक. ने घरी.”

शनिवारी सकाळी सासरे मागच्या जिन्यावर बनियन धूत बसले होते. ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि काही न वगळता सांगितले. क्रमांक, ब्लीच, इस्त्री, सगळे. सांगताना तिने वही उघडून मांडीवर ठेवली होती.

सासऱ्यांनी बनियन पुन्हा पाण्यात बुडवले.

“म्हणजे माझा घाम ठीक आहे,” ते म्हणाले.

“ठीक आहे, बाबा. तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही. मला फक्त तुम्हाला खरं सांगायचं होतं.”

“बत्तीस वर्षांत मला मागून हॉर्न मारणारे किती भेटले असतील?” ते बनियन पिळत म्हणाले. “वाटायचं, दाबावा कचकन ब्रेक, आणि शिकवावा धडा. पण ब्रेक दाबला की त्या मागच्याला काही होत नाही गं. माझ्याच बसमध्ये उभा असलेला म्हातारा आपटतो. म्हणून नाही दाबला कधी.” त्यांनी बनियन झटकून दोरीवर टाकले. “ह्या वेळी तो म्हातारा मी झालो, एवढंच. लागलं मला. लागलं नाही असं नाही म्हणणार. पण तू गाडी थांबवून खाली उतरलीस आणि विचारायला आलीस. पुष्कळ जण तेही करत नाहीत.”

तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला.

“अगं, पांढऱ्या शर्टाला इस्त्री नाही? आज वार्षिक बैठक आहे! काय करतेस काय सकाळपासून?”

ती आत गेली. घड्याळात पावणेदहा झाले होते. तिने धुण्याची टोपली उचलून बैठकीच्या टेबलावर ठेवली, शेजारी फाटका शर्ट आणि त्याच्यावर वही.

“हे काय?”

“तुमचे शर्ट कापड भिकार म्हणून विरले नाहीत. मी विरवले. मुद्दाम.”

“काय?”

“सहा शर्टांपैकी पाच झाले. सहावा तुमच्या हातात आहे, त्याला अजून काही केलेलं नाही. रंगीत कपडे, टॉवेल आणि मोजेही मीच बिघडवले. तुम्ही मला बटण दाबणारी म्हणालात, माझ्या कामाला चिंध्या म्हणालात, त्याचा तो सूड होता. मला हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. ते न करता मी कपड्यांवर राग काढला, आणि तो तुमच्याऐवजी बाबांना भोगायला लागला. ती चूक माझी. पण आजपासून तुमचे कपडे तुम्हीच धुवायचे.”

“वेड लागलंय तुला!” तो ओरडला. “चांगले शर्ट? स्वतःच्या घरात? आई, ऐकलंस का हिचं?”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टेबलावरचा फाटका शर्ट पाहिला, मग मागच्या दारातून जिन्यावरच्या सासऱ्यांकडे पाहिले, आणि कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! आणि मी एकेक ह्यांच्या अंगावर चढवत होते! काल विचारलं तर म्हणाले, सत्कार छान झाला!”

नवऱ्याने रागारागाने वही उचलली. भांडायला पुरावा हवा होता त्याला. पण उघडले ते पहिले पान. तो मोठ्याने वाचू लागला. बटणे सोडणे. उलटा करणे. कॉलरला साबण, दहा मिनिटे. पावडर मोजून. शिवणी तपासणे, सुटला टाका त्याच दिवशी घालणे. मशीन भरगच्च न भरणे. झटकून, खांद्याला आकार देऊन सावलीत टांगणे… वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला. चौदाव्या ओळीला तो थांबला.

“हे सगळं… दर शर्टाला?”

“दर शर्टाला. चार वर्षं.”

तो खुर्चीत बसला. आकाशी शर्ट टोपलीत वरच होता. त्याने तो हातात घेऊन कॉलर निरखली, बहुधा जन्मात पहिल्यांदा. “कार्यालयात मला नाव पडलं,” तो पुटपुटला, “आणि मला वाटत होतं, ते माझं आहे.”

वाचकहो, आपल्या घरातही कुणाच्या तरी कपाटात असा एखादा शर्ट असेल, जो वर्षानुवर्षे टिकला म्हणून आपण कापडाचे कौतुक करतो. कपडा किमतीमुळे टिकत नाही. त्याच्याकडे रोज दोन मिनिटे नीट पाहणारे कुणीतरी असते, म्हणून तो टिकतो. ते कुणीतरी घरात एकच असेल आणि त्याच्या वाट्याला नुसती थट्टा येत असेल, तर आधी माणूस विरते आणि मग कपडे. ज्याने घालायचा त्यानेच जपायचा, हा साधा नियम पाळला तर कपडेही वाचतील आणि माणसेही. आणि ज्याला अन्याय झाला असे वाटते, त्याने तो तोंडाने सांगावा. मुक्या वस्तूंवर आणि मुकाट्याने सोसणाऱ्यांवर काढू नये!

मागच्या दारातून सासरे आत आले. हातात रिकामी बादली होती. ती त्यांनी मुलाच्या पायाशी ठेवली.

“बैठक अकराला आहे ना तुझी? वेळ आहे अजून. ये, दाखवतो. आधी बटणं सोड.”

“बाबा, मी? आत्ता?”

“का? तुझे हात काही भिकार कापडाचे नाहीत.”

सासूबाई हसू दाबायला आत वळल्या. नवऱ्याने एकदा बायकोकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, रागही नव्हता. ती वाट पाहत होती. त्याने बाह्या दुमडल्या आणि आकाशी शर्टाचे पहिले बटण सोडले.

तिने फोन उचलला. दहाला चार मिनिटे कमी होती. पलीकडे घंटा वाजली, एकदा, दोनदा. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि आज तिला ते चालणार होते.

“बोल,” प्रमुख बाईंचा आवाज आला.

“बाई, माझं उत्तर हो आहे,” ती म्हणाली, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे. “मी सोमवारी कामावर येतेय.”